रिकाम्या ओळीतली जागा

बारामतीच्या एका कॉलेजात मी कम्प्युटर शिकवायला लागले तेव्हा तेवीस वर्षांची होते. नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. नेमणूक तासिका तत्त्वावर, म्हणजे पुढच्या वर्षी बोलावतील की नाही हे जूनमध्येच कळायचं. इंदापूरहून सकाळची एसटी धरायची, काटेवाडी, पिंपळी मागे टाकत बारामतीत उतरायचं आणि स्टँडवरून चालत कॉलेज गाठायचं. आमच्या घरात आजोबांनी बौद्ध धम्म स्वीकारला, वडिलांनी प्राथमिक शाळेत मास्तरकी केली आणि माझ्या वाट्याला कम्प्युटर आला. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. इंदापूरच्या बाजारात जो भेटेल त्याला ते थांबवून सांगायचे, "आमची पोरगी कम्प्युटरची मॅडम हाय बरं का." मी बरोबर असले की संकोचून पुढे चालायला लागायचे.

प्रयोगशाळेत आठ मशीनं होती. सात मुलांच्या प्रॅक्टिकलला जायची. आठवं जुनं, कुणाला नको असलेलं, म्हणून माझ्या ताब्यात आलं. पुण्याहून एक मासिक आणलं होतं, त्याच्याबरोबर लिनक्सची, म्हणजे विंडोजऐवजी मशीन चालवणाऱ्या फुकट व्यवस्थेची, सीडी मिळाली होती. ती मी त्या मशीनवर चढवली आणि तिथून माझा सगळा मोकळा वेळ त्यात जायला लागला.

लिनक्समध्ये प्रत्येक प्रोग्राम पॅकेजमधून येतो. पॅकेज म्हणजे बांधून ठेवलेलं गाठोडं. प्रत्येक गाठोड्याची माहिती साध्या अक्षरांत लिहिलेली असते: नाव काय, आवृत्ती कितवी, चालायला आणखी कोणती पॅकेजं लागतात, कुणाशी पटत नाही. एक चढवायला जावं तर ते दुसरं मागायचं, दुसरं आणखी तीन मागायचं. आज इंटरनेटवर ही साखळी आपोआप सुटते. तेव्हा बारामतीहून इंटरनेट म्हणजे पुण्याला एसटीडी लावायची आणि लाइन तुटेपर्यंत मिळेल ते घ्यायचं. मी वहीत रेघा ओढून कोणाला कोण लागतं ते मांडायचे आणि वही भरत चालली तशी वैतागायचे. शेवटी ठरवलं की ही माहिती वाचणारं काहीतरी आपणच लिहावं. अख्खा प्रोग्राम नाही, तर माहिती वाचून तिचे तुकडे नीट वेगळे करून देणारा भाग. तो इतर कुठल्याही प्रोग्रामला जोडता येतो. अशा भागाला लायब्ररी म्हणतात.

या शब्दामुळेच ग्रंथपाल माझ्याकडे आले. सगळं कॉलेज त्यांना तात्या म्हणायचं. मूळचे नरसिंहपूरचे, निवृत्तीला चारेक वर्षं राहिलेली, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. चारचौघांत शुद्ध बोलायचे, पण माणूस आपलं वाटलं की गावाकडचं बोलणं यायचं.

"मॅडम, तुमी लायब्ररी लिवताय म्हनं," दारातूनच ते म्हणाले. "आमची आयती हाय. तुमच्यात पुस्तकं किती?"

मी हसले आणि त्यांना छापलेला कागद दाखवला. एका पॅकेजची माहिती संपली की एक रिकामी ओळ येते, ती आली की पुढं दुसरं पॅकेज सुरू. आणि ओळीच्या सुरुवातीला जागा सोडलेली असली तर ती नवी ओळ धरायची नाही, मागच्याच ओळीचा पुढचा भाग धरायचा.

तात्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग कागद माझ्या हातात देऊन ते निघून गेले. मला वाटलं कंटाळले. पाच मिनिटांनी परत आले ते एक सूचीकार्ड घेऊन.

"हे बघा. लेखकाचं नाव हितनं सुरू. मजकूर एका ओळीत मावला न्हाय तर फुडची ओळ दोन बोटं आत सरकवायची. वाचणाऱ्याला कळलं पायजे, मागचंच चालू हाय. तुमी जे दावताय ते आमचं सूचीकार्डच हाय की."

त्या कॉलेजात माझं काम कळलेला तो एकटा माणूस. विभागप्रमुखांनी एकदा पडद्यावर नजर टाकून विचारलं होतं, "याचा सिलॅबसमध्ये उपयोग काय?" त्यानंतर त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. पण तात्या रोज जेवणाच्या सुट्टीत यायचे. मी एखादी अडचण सांगितली की त्यांच्याकडे तिच्यासारखीच कार्डांतली अडचण असायची. एका पॅकेजची दोन नावं असतात तेव्हा काय करायचं, हे मला त्यांच्या टोपणनावानं लिहिणाऱ्या लेखकांच्या कार्डांवरून सुटलं.

तात्यांच्या कार्डांबद्दल सांगायला हवं. पुस्तकांची कार्डं कुठल्याही ग्रंथालयात असतात. तात्यांनी वीसेक वर्षं वेगळंच काहीतरी चालवलं होतं. कॉलेजात जुने दिवाळी अंक, बंद पडलेली पाक्षिकं, तालुक्याच्या गावांतून निघालेली साप्ताहिकं दोन कपाटं भरून होती. कुणी उघडत नव्हतं. तात्या एकेक अंक घरी न्यायचे, पूर्ण वाचायचे आणि त्यातल्या प्रत्येक लेखाचं कार्ड करायचे. कुठल्या लेखात कुठल्या गावाच्या विहिरीचा उल्लेख आहे, कुठं जात्यावरच्या ओव्या छापल्यात, कुठं भीमेच्या पुराचं वर्णन आहे, हे सगळं त्यांच्या कार्डांत होतं. त्या अंकांना दुसरी सूची नव्हती. दाखलनोंदवहीत फक्त अंकाचं नाव आणि वर्ष. आत काय आहे हे तात्यांच्या कार्डांनाच माहीत.

लायब्ररी चालायला लागल्यावर मी त्यांना म्हणाले, "तात्या, तुमची सूची कम्प्युटरवर घेऊ या." त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. लहान पोराला कुणी खांद्यावर घेऊ म्हणावं तसा तो चेहरा झाला.

मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. माहिती साठवायला त्याच्या खाली सीडीवरच मिळालेला डेटाबेस ठेवला. त्या मशीनवर देवनागरी नव्हती, म्हणून तात्यांनी स्वतःच रोमन अक्षरांची एक पद्धत बसवली. ळ ला मोठा एल, ण ला मोठा एन, ष साठी त्यांनी दोन दिवस विचार केला. मग ते रोज दुपारी तीन ते पाच टायपायला बसायचे, दोन बोटांनी, ओठ हलवत. मे महिन्याच्या सुट्टीतही यायचे. अडीच वर्षं हे चाललं.

एकदा त्यांनी मला हाक मारली. इंदापूर तालुक्यातल्या आमच्या मूळ गावात लोकांनी धम्म स्वीकारला त्या सभेचा वृत्तान्त एका पाक्षिकात आला होता, त्याची नोंद ते टायपत होते. विषयात त्यांनी बोलणाऱ्यांची नावं घातली होती आणि त्यांत माझ्या आजोबांचं नाव होतं. आजोबा बोलले होते हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. मी अंकाचं नाव लिहून घेतलं नाही. सूचीत आहेच की, असं मीच म्हणाले. निवांतपणे आबांना घेऊन येईन, अंक काढू, वाचू.

सगळी कार्डं टायपून झाली तेव्हा प्राचार्यांनी बैठकीत विचारलं, "मग ते कार्डांचं लाकडी कपाट आता ठेवायचं कशाला?" तात्या माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणाले, "आता गरज नाही, सर." कपाट परीक्षा विभागात गेलं. कार्डं पोत्यांत भरून जिमखान्यामागच्या खोलीत ठेवली.

त्याच आठवड्यात मी त्या सूचीच्या प्रोग्रामचं रीतसर पॅकेज बांधलं. माहितीच्या फाइलमध्ये वर्णन लिहिलं आणि त्याच्याखाली तात्यांचं नाव घातलं. सूची ज्यांनी केली त्यांचे आभार, अशी ओळ. ती उठून दिसावी म्हणून वर एक ओळ मोकळी सोडली. ओळ अगदी मोकळी सोडली तर माहितीच संपते हे मला ठाऊक होतं, म्हणून तिच्या सुरुवातीला एक स्पेस दिली. आभाराच्या खाली, शेवटच्या ओळीत, या प्रोग्रामला कोणता डेटाबेस लागतो ते लिहिलं.

दुसऱ्या वर्षी कॉलेजची तपासणी करायला समिती येणार होती. प्राचार्यांनी दोन महिने आधीपासून रंगरंगोटी काढली. सगळी अडगळ उचलून जिमखान्यामागच्या खोलीत कोंबली. तात्यांची सूची समितीला दाखवायची असं ठरलं. तात्यांनी त्या दिवसासाठी नवा शर्ट शिवायला टाकला.

समिती गुरुवारी येणार होती. बुधवारी दुपारी मी मशीन उघडलं तर डिस्क भरलेली. मोठ्या पडद्यावर दाखवण्यासाठी एक नवा प्रोग्राम चढवायचा होता, त्याला जागाच नव्हती. माझ्याकडे त्यासाठी हत्यार होतं. माझ्याच लायब्ररीवर मी एक सफाईचा प्रोग्राम लिहिला होता. तो सगळ्या पॅकेजांची माहिती वाचायचा, आपण थेट वापरतो ते प्रोग्राम वगळून कुणालाच न लागणारी पॅकेजं शोधायचा आणि त्यांच्या सगळ्या मालासकट काढून टाकायचा. लिनक्सची मूळ व्यवस्था असं काही काढताना आधी अडवते. ती पावलोपावली अडवते म्हणून तिला गप्प बसवणारा आदेश मीच माझ्या प्रोग्रामात घातला होता.

पडद्यावर चौदा नावांची यादी आली. खाली प्रश्न, काढू का? मी यादीवरून नजर फिरवली. वाचली नाही. होकाराचं वाय दाबलं. जागा झाली. नवा प्रोग्राम चढवला, समितीला दाखवायची चित्रं त्यावर घातली. मग सूची उघडली.

सूची उघडली नाही. डेटाबेस सापडत नाही, असं पडद्यावर आलं. मी पुन्हा उघडली. मग ज्या ठिकाणी ती माहिती असायची तिथं जाऊन बघितलं. ते ठिकाणच नव्हतं. काढलेल्या चौदांमध्ये डेटाबेस होता, आणि त्याच्या मालात अडीच वर्षांची सूची होती. पुसलेल्या जागेवर मी नुकतीच चित्रं लिहिली होती.

तरी धीर होता, कारण फ्लॉपी होत्या. दर महिन्याला मी सगळी सूची आवळून अकरा फ्लॉपींवर उतरवून ठेवायचे. डबा काढला. पहिली वाचली, दुसरी वाचली. तिसरी घातली तर मशीन खरखरायला लागलं. काढून झटकली, पुसली, पुन्हा घातली. खरखर. सगळी माहिती एका गाठीत आवळलेली असल्यामुळे तिसरीशिवाय चौथीपासून पुढच्या सगळ्या फ्लॉपी निरुपयोगी होत्या. आदल्या महिन्याच्या फ्लॉपी? त्याच होत्या. मी दर महिन्याला त्याच अकरांवर नवं लिहीत होते.

तीन वाजले आणि तात्या आले. रोजच्या सवयीनं खुर्ची पुढं ओढली.

"काय झालं, मॅडम? तोंड का असं?"

त्या क्षणी मला खरं बोलता आलं असतं. तोंड उघडलंही होतं. बाहेर आलं ते वेगळंच. "तात्या, डिस्क खराब झालीय. उद्या सूची दाखवता येणार नाही."

ते उभेच राहिले. "समदी?"

"पुण्याला नेते. तिथं दुरुस्त करतात. माहिती परत मिळते." शेवटचं वाक्य मी का बोलले ते मला आजही सांगता येत नाही. त्यांचा चेहरा बघवला नाही एवढंच. आणि मी केलं असं कुणाला कळू नये, हेही होतंच. तासिका तत्त्वावरची बाई मी, आणि आमच्या घरातून इथवर आलेली पहिलीच. बाईंना मशीन सांभाळता येईना असं कुणी म्हणेल याची मला त्या दुपारी फार भीती वाटली. हे कारण मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. त्यानं झालेलं काही हलकं होत नाही.

गुरुवारी समितीसमोर तात्या नव्या शर्टात उभे राहिले आणि म्हणाले, "मशीन बिघडलंय, साहेब. पुण्याला जाणार आहे." एका सदस्यानं "हं" म्हणून पुढच्या कपाटाकडे बोट केलं. अर्ध्या मिनिटात तो विषय संपला.

शुक्रवारी मी डिस्क काढून पुण्याला नेली. मैत्रिणीकडे राहिले. दुरुस्तीच्या दुकानातल्या माणसानं शनिवारी तपासून सांगितलं ते मला आधीच माहीत होतं. "मॅडम, पुसलंय, आणि वरून पुन्हा लिहिलंय. काही नाही यात."

सोमवारी कॉलेजात आले तेव्हा जिमखान्यामागची खोली झाडून स्वच्छ होती. मी शिपायाला विचारलं. तो म्हणाला, "शनवारी समदी अडगळ काढली. साहेबांनी टेंपो बोलावला व्हता."

"आणि कार्डांची पोती?"

"ती बी गेली. मी इच्यारलं तात्यास्नी. म्हनलं, तात्या, पोत्यांचं काय करू? तर म्हनले, डिस्क पुण्याला गेलीय, सूची येतीय माघारी, जाऊ द्या."

मी वर्ग सोडून बाहेर पडले. रिक्षा केली, भंगारवाल्याकडे गेले. तो पत्र्याच्या शेडमध्ये जेवत होता. त्यानं हात धुतले आणि मला रिकामी जागा दाखवली. "कागद कालच लोड झाला, ताई. मिलला गेला. आता त्याचा लगदा." कोणत्या मिलला, ते त्याला सांगता आलं नाही. त्याचा माल दुसरा माणूस उचलायचा आणि तो माणूस फलटणकडचा होता. मी दुसऱ्या दिवशी फलटणला जाऊन तोही शोधला. त्याला आठवतच नव्हतं.

यानंतर तरी सांगायला हवं होतं. तात्यांनी विचारलं, मी म्हणाले, "दुकानात ठेवलीय. वेळ लागेल म्हणतात." त्यांनी मान हलवली. पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारलं. मग विचारणं कमी केलं, मला ओशाळं वाटू नये म्हणून. डिस्क माझ्या टेबलाच्या खणात होती.

चूक सापडायला दहा दिवस लागले. सापडली ती अर्ध्या तासात, पण बघायची हिंमत दहा दिवस झाली नाही. माझी लायब्ररी प्रत्येक ओळ वाचताना आधी तिच्या कडेच्या मोकळ्या जागा छाटायची आणि मग ओळ रिकामी आहे का ते बघायची. ज्या ओळीत फक्त एक स्पेस आहे ती छाटल्यावर रिकामी दिसणार. रिकामी दिसली की माहिती संपली. म्हणजे आभाराच्या वरच्या ओळीशी माझी लायब्ररी थांबली, आणि डेटाबेस लागतो हे सांगणारी शेवटची ओळ तिनं त्या पॅकेजची धरलीच नाही. तिच्या लेखी तो डेटाबेस कुणालाच लागत नव्हता. दोन ओळींची अदलाबदल केली, आधी तपासणी, मग छाटणी. दुरुस्ती झाली.

ती लायब्ररी मी आधीच पुण्यातून इंटरनेटवर ठेवली होती. दुरुस्त केलेलीही ठेवली. दोन महिन्यांनी कुणा परदेशी माणसाचं ईमेल आलं. त्यानं लिहिलं होतं, एवढी बारीक गोष्ट इतर कुणी पकडलेली नाही, तुमच्या लक्षात कशी आली? मी सायबर कॅफेत बसून ते चार-पाच वेळा वाचलं आणि उत्तर न देता उठले.

तात्या त्याच वर्षी निवृत्त झाले. निरोपसमारंभात शाल-श्रीफळ झालं. ते बोलायला उठले, फार बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, "माझी सूची परत येणार आहे. आपल्या मॅडम त्याच्या मागे आहेत. आली की मुलांनी ती वापरावी." लोकांनी माझ्याकडे बघून टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

थंडीत एका रविवारी मी इंदापूरहून नरसिंहपूरची एसटी धरली. सांगायचं ठरवूनच निघाले होते, तरी बावड्याला उतरून परत फिरावं असं वाटत होतं. देवळापासून थोड्या अंतरावर त्यांचं घर. तात्या ओट्यावर सुपात तूर निवडत बसले होते. मला बघून इतके खूश झाले की सूप कलंडलं.

"आली का डिस्क?"

त्यांच्या पत्नी पाणी घेऊन आल्या. मी पाणी प्यायले आणि सगळं सांगितलं. डिस्क खराब झालीच नव्हती, माझ्या प्रोग्रामनं सूची काढून टाकली, यादी मी वाचली नव्हती, फ्लॉपी वाचता आली नाही. तात्यांच्या पत्नी दारात उभ्या राहून एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होत्या.

"मंग पुण्याला काय नेलं व्हतं?" तात्यांनी विचारलं.

"डिस्कच."

"काय न्हाय त्यात, हे ठाव असताना?"

"हो."

त्यांनी तुरीतला एक खडा बाजूला टाकला. "त्या बुधवारी खरं सांगितलं असतं, तर पोती हलू दिली नसती मी. दाराशी आडवा झोपलो असतो. नव्यानं टायपलं असतं. मला काय, निवृत्तच व्हायचं व्हतं."

तोच हिशेब मी कितीतरी महिने करत होते, आणि दर वेळी उत्तर तेच येत होतं.

मग त्यांनी विचारलं, "चूक कुठं व्हती?" मी ओळीचं सांगितलं. रिकामी दिसणारी, पण आत एक जागा असलेली ओळ. त्यांना लगेच कळलं. त्यांना नेहमीच लगेच कळायचं.

"आन् ती ओळ सोडली कशापायी?"

मला थाप मारता आली असती. "खाली तुमचं नाव होतं, तात्या. आभाराचं. ते उठून दिसावं म्हणून."

त्यांचा आवाज चढला नाही. "कुनी सांगितलं व्हतं माझं नाव लिवायला?"

मग ते सूप घेऊन आत गेले. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "चहा टाकते," पण त्यांचा पाय निघेना आणि माझाही. मी तशीच निघाले. ते बाहेर आले नाहीत.

पुढचं वर्षभर मी दर शनिवारी ग्रंथालयात बसून ते अंक नव्यानं उतरवायचा प्रयत्न केला. जमेना. लेखाचं नाव, लिहिणाऱ्याचं नाव, पान, इतकं कुणीही लिहील. पण लग्नाच्या गाण्यांवरच्या लेखात दुष्काळाची गोष्ट आहे, हे पूर्ण वाचल्याशिवाय कळत नाही, आणि वाचलं तरी कुठलं महत्त्वाचं ते मला ठरवता येत नव्हतं. तात्यांना मी पोस्टकार्डं लिहून विचारायचे. पहिल्या तीन पत्रांना उत्तरं आली, लाल आणि निळ्या पेनांनी लिहिलेली, प्रश्नापुरती. कुशल नाही, नमस्कार नाही. चौथ्याला शेजारच्या कुणाच्या तरी अक्षरात आलं की त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन बिघडलं आहे, आता वाचता येत नाही. आजोबांच्या सभेचं पाक्षिक मी शोधत राहिले. त्या कपाटात पाक्षिकं शेकड्यांनी होती, बऱ्याच अंकांची मधली पानं गळालेली. मला ते सापडलं नाही. आबांना मी त्याबद्दल कधी बोललेच नाही.

माझ्या चारशे नोंदी झाल्या असतील तेव्हा नव्या ग्रंथपालांनी जुन्या, न वापरल्या जाणाऱ्या मालाची बाद करायची यादी केली. दोन्ही कपाटं त्यात होती. बैठकीत मी हरकत घेतली. प्राचार्य शांतपणे म्हणाले, "मॅडम, तीन वर्षांत यातले किती अंक कुणी मागितले, ते दाखवा." एकही कुणी मागितला नव्हता. मागणार कसा? आत काय आहे ते कुणालाच कळायची सोय उरली नव्हती. मी हे बोलले. एक जण म्हणाले, "मग तुम्ही करा की सूची." सगळे हसले, वाईट हेतूनं नव्हे. ठराव झाला.

यावेळी मी थांबले नाही. त्याच दुपारी निघाले, इंदापूरला न थांबता नरसिंहपूरला पोचले. तात्या आत बाजेवर बसले होते, डोळ्यांवर हिरवा चष्मा. बायकोनं त्यांना माझं नाव सांगितलं. त्यांनी मान नुसती वळवली.

"तात्या, अंक बाद केले. दोन्ही कपाटं. आजच ठराव झाला."

"बरं," ते म्हणाले.

"मी हरकत घेतली होती."

"बरं."

बाहेर नद्यांच्या संगमाकडून कुणाच्या तरी कपडे आपटण्याचा आवाज येत होता. त्यांनी बाजेचा काठ दोन्ही हातांनी धरला होता. मला वाटलं आता काहीतरी बोलतील, रागावतील. मी त्याची वाट बघत होते.

"तितं आता काय ठेवणार?" त्यांनी विचारलं.

"कम्प्युटर. चार नवे येणार आहेत."

त्यांनी मान हलवली. मग बायकोला हाक मारून म्हणाले, "यांची एसटी किती वाजता हाय बघ. चुकायला नको." त्या दिवशीही चहा झाला नाही. जूनमध्ये कॉलेजनं मला पुन्हा बोलावलं, आणि मी गेले नाही. इंदापुरातल्या एका शाळेत गणित शिकवायला लागले. प्रोग्राम पुन्हा लिहिला नाही. तात्या गेल्याचं मला दीड वर्षानं, एसटीत शेजारी बसलेल्या एका अनोळखी बाईकडून कळलं.